एसटीने जाता येणारं मस्कत

माझा धाकटा भाऊ मस्कतला होता. निदान चंदनसारच्या आमच्या इमारतीत, खालच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती, आणि ती मीच करून दिली होती. आमचं मस्कत एसटीने जाता येण्यासारखं होतं. पहाटेची गाडी धरली की ऊन चढायच्या आत तिथे पोचता यायचं. त्यासाठी पासपोर्ट लागत नव्हता, विमान लागत नव्हतं. आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि उन्हात ताटकळायची ताकद एवढं पुरायचं.

या मस्कतचं खरं नाव मध्यवर्ती कारागृह. दारावर मोठ्या अक्षरांत ‘सुधारणा व पुनर्वसन’ असं रंगवलंय. कोणी मोठा पाहुणा यायचा असला की त्यावर रंगाचा नवा हात फिरतो. बाहेर नातेवाइकांनी बसायच्या शेडचा पत्रा मात्र मी पहिल्यांदा गेले तेव्हा फाटका होता आणि आजही फाटकाच आहे.

वसईजवळच्या वटार गावात आमची बागायती वाडी होती. शेजारच्या वाडीवाल्याशी पायवाटेवरून जुनं भांडण. एका सकाळी त्या पायवाटेवर दोघं समोरासमोर आले, शब्दाला शब्द लागला आणि माझ्या भावाने हातातल्या फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. तो माणूस दवाखान्यात पोचायच्या आत गेला. मी भावाची बाजू घेत नाही. त्याने मारलं, माणूस मेला, त्या घरातली बाई विधवा झाली. जन्मठेप झाली ती योग्यच झाली. पण त्या एका दांड्याखाली त्याची स्वतःची पोरही आली, ती तेव्हा पहिलीत होती, आणि याचा संताप माझ्या मनातून अजून जात नाही. पोरीची आई त्याआधीच काविळीने गेली होती. मग उरले मी, बिनलग्नाची आत्या, शाळेत शिकवणारी.

गावात राहणं अशक्य झालं. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. रविवारच्या मिस्सेत फादर म्हणायचे, एकमेकांना शांती द्या, आणि माझ्या बाकावरची सगळी माणसं पुढच्या बाकावरच्यांशी हात मिळवायला वळायची. पोर हात पुढे करून उभी राहायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी वाडीतला माझा वाटा एका चुलत भावाला विकला आणि विरार पूर्वेला, चंदनसारला फ्लॅट घेतला. तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी समोरच्या दारातल्या काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी पोरीला विचारलं, "बाळा, पप्पा कुठे असतात?" पोरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मस्कतला." वसईकडच्या आमच्या माणसांत घरातला पुरुष बरीच वर्षं दिसला नाही तर तो गल्फला आहे, असंच लोक धरून चालतात. काकूंनी मान डोलावली. इतकं सोपं होतं ते.

सोपं वाटलं ते तेवढ्यापुरतंच. गल्फमधल्या माणसाच्या घराकडून लोकांच्या काही अपेक्षा असतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. साबण, टाल्कम पावडर, सोनेरी कागदातली चॉकलेटं, बाम. ही वाटणी झाली नाही तर माणूस तिकडे झाडू मारतो की काय, अशी कुजबुज सुरू होते. मग मी वसईत परदेशी सामान विकणाऱ्या एका दुकानातून हे सगळं आणायची, वरची मराठी किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढायची आणि जिन्यात वाटायची. काकू साबण नाकाला लावून म्हणायच्या, "टीचर, मस्कतच्या साबणाचा वासच वेगळा." मी म्हणायची, "तिकडचं पाणीच वेगळं ना."

तिकडे भाऊ आधी कच्चा कैदी होता, म्हणजे खटला चालू असलेला. तोवर त्याच्या अंगावर घरचे कपडे असायचे. शिक्षा लागली आणि तो पक्का झाला. पांढरे कपडे, पांढरी टोपी, छातीवर नंबर. मुलाखतीची रीत मला आता झोपेतही सांगता येईल. खिडकीवर नाव द्यायचं, फोटो काढून घ्यायचा, झडती द्यायची, पुकारा होईपर्यंत शेडमध्ये बसायचं. बाळाच्या दुधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडून बघतात. मग एका लांब खोलीत काचेसमोर उभं राहायचं. काचेच्या दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर. आमच्या बाजूचा नेमका खरखरणारा. शेजारच्या खिडकीतली बाई रडत असते, पलीकडची वकिलाला शिव्या देत असते, आणि तेवढ्यात आपण आपल्या माणसाला विचारायचं असतं की बरा आहेस ना. बरा नाही म्हणाला तरी करणार काय? वेळ संपली की फोन आपोआप बंद पडतो, वाक्य अर्धवट असलं तरी.

भाऊ मात्र दर वेळी तेच विचारायचा, आमच्या घरच्या बोलीत. "बाय, जेवली का? पोरीसाठी पानी घेतलंय ना?" पोरीला ती बोली नीट येत नव्हती. चंदनसारला आल्यापासून मीच घरात ती बोलणं बंद केलं होतं.

आत त्याला कामाला लावलं ते बेकरीत. गावात असताना या माणसाने स्वतःचा चहा कधी केला नव्हता. तिथे पहाटे उठून पीठ मळायला लागला. शिवाय योगासनांचा वर्ग, व्यसनमुक्तीचा वर्ग, राग आवरायचा वर्ग, मुक्त विद्यापीठाची परीक्षा. चर्चच्या क्वायरमध्ये ये म्हणून फादर मागे लागले की जो मागच्या दाराने पळायचा, तो आता भजनी मंडळात टाळ वाजवतो. सगळ्याची प्रमाणपत्रं मिळतात. एकदा त्याने काचेला चिकटवून मला एक दाखवलं, ‘क्रोध व्यवस्थापन’. मी म्हटलं, "हा वर्ग तुला वटारला कोणी दिला असता तर बरं झालं असतं." त्याने प्रमाणपत्राची घडी घातली. मी बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला कोण आवरणार. खरं सांगायचं तर त्या वर्गांची मी टिंगल केली तरी भाऊ बदलला होता हे मला दिसत होतं. आतल्यांना सुधारायची एवढी सोय आहे. बाहेरच्यांसाठी असला एकही वर्ग नाही, हीच काय ती तक्रार.

कारागृहाच्या दाराशी एक छोटं दुकान आहे. कैद्यांनी विणलेले टॉवेल, सतरंज्या, लाकडी पाट आणि बेकरीतला माल तिथे मिळतो. नाताळच्या आधी मी तिथून नानकटाई घ्यायची. भावाने मळलेली. घरी आले की ती परदेशी बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात भरायची. मग केक, करंज्या, खजुऱ्यांबरोबर ती नानकटाई ताटात लागायची आणि ताटं घरोघर जायची. डबा मुद्दाम टीपॉयवर असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. काकूंचं ताट परत यायचं ते चकल्या नाहीतर तिळाच्या वड्या घेऊन, कारण रिकामं ताट परत द्यायचं नाही ही त्यांचीही रीत आणि आमचीही. "टीचर, नानकटाई काय सुंदर! परदेशातलं लोणीच वेगळं हो." पोर एकदा हे ऐकून ठसका लागेपर्यंत हसली. दार लावून आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. या मस्कतपायी आम्ही तेवढं एकदाच हसलो असू; पुढच्या मुलाखतीत हे ऐकून काचेपलीकडे भाऊही हसला.

पुढे लोक विचारायला लागले, भाऊ सुट्टीवर का येत नाही? त्याचं उत्तर खरं म्हणजे होतं. शिक्षेची काही वर्षं नीट काढली की कैद्याला फर्लो मिळते, घरी जायची रजा. भावाने अर्ज केला. दोन पोलीस चौकशीला इमारतीत आले. वॉचमनने सगळ्यांदेखत विचारलं तेव्हा मी म्हटलं, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आहे. पोलीस भले होते, हसले आणि त्यांनी मला खोटं पाडलं नाही. पण ते वटारलाही गेले, आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी सांगितलं, तो आला तर आमच्या जिवाला धोका आहे. त्यांना तरी काय म्हणू? रजा नामंजूर झाली. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच.

पोर मोठी होत गेली आणि काचेसमोर गप्प होत गेली. हो, नाही, बरी आहे, अभ्यास चालू आहे. मला वाटायचं, हिला आता बापाचं काही उरलं नाही. दहावीच्या वर्षात एका संध्याकाळी युनिफॉर्मला इस्त्री करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "आत्या, पप्पांचा हात कसा लागायचा, ते मला आठवत नाही. चेहरा दिसतो दर वेळी. हात आठवतच नाही." मी तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली, कारण कॉलर जळत होती.

कारागृहात एक कार्यक्रम असतो, गळाभेट. मुलांना काचेपलीकडे आत नेतात आणि बापाच्या नाहीतर आईच्या जवळ बसू देतात. मिठी मारता येते, मांडीवर बसता येतं, घास भरवता येतो. माझ्या मते तिथल्या सगळ्या कार्यक्रमांत खरा कार्यक्रम तो एकच. पण तो सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी. आमचं नाव आधी दोनदा लागलं होतं. एकदा पोर तापाने फणफणलेली होती, एकदा कार्यक्रमच रद्द झाला. आता नाताळ झाला की तिला सोळा पूर्ण होणार होती. त्यानंतर बाप सुटेपर्यंत काच, आणि जन्मठेपेचा माणूस कधी सुटेल ते कोण सांगणार?

दिवाळी झाल्यावर गळाभेट ठरली. मी खिडकीवरच्या हवालदाराला विचारलं, "फोटो काढतात का हो?" तो म्हणाला, "काढतात, मॅडम. पण काळजी करू नका, चेहरे झाकायचा नियम आहे." नियम आहे म्हटल्यावर माझ्यासारख्या मास्तरणीचं समाधान झालं. आयुष्यभर मुलांना नियम शिकवले, त्याचं हे फळ.

त्या दिवशी पोरीने केस दोनदा विंचरले. दारातून मुलांना आत घेतलं, आम्हा मोठ्यांना बाहेर शेडमध्ये ठेवलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग लाउडस्पीकरवरून भाषण ऐकू यायला लागलं. आई-वडिलांचं प्रेम, संस्कार, समाजाची जबाबदारी. भिंतीच्या आत मुलं एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला बसवलेले, आणि मध्ये हा माणूस माइक सोडेना. माझ्या शेजारी अर्नाळ्याची एक म्हातारी बसली होती, नातवाला घेऊन आलेली. ती भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आरं, बस कर ना आता! पोरांना भेटू दे!" शेडमधल्या सगळ्या बायका हसल्या आणि मग घड्याळाकडे बघायला लागल्या. कैद्यांची गिनती व्हायची वेळ ठरलेली असते. ती पाहुण्यासाठी थांबत नाही आणि मुलांसाठी तर नाहीच. भाषण वाढलं तेवढी भेट आटली.

पोर बाहेर आली ती हातात बिस्किटांचा पुडा आणि कंपासपेटी घेऊन. सगळ्या मुलांना तेच दिलं होतं. तिच्या कुडत्याचा एक खांदा ओला होता. एसटीत खिडकीशी बसल्यावर ती म्हणाली, "पप्पांच्या अंगाला पावाचा वास येतो. आणि हात खरखरीत आहेत." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. त्या प्रवासात मी देवाचे आभार मानले, हे नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. कुठल्याशा बातम्यांच्या पोर्टलवरचा. चेअरमननी टाकलेला, खाली जोडलेल्या हातांची इमोजी आणि प्रश्नचिन्ह. मथळा होता, ‘जन्मठेपेच्या बंद्याच्या कुशीत लेक विसावली’. बापाचा चेहरा पुसट केलेला. नियम पाळला होता. पोरीचा चेहरा लख्ख, हनुवटी त्याच्या खांद्यावर, गालावरचं पाणीसुद्धा दिसत होतं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्या पोर्टलला फोन लावला. एक तरुण आवाज होता, नम्र. "मॅडम, कैद्याची ओळख दाखवता येत नाही, म्हणून आम्ही ब्लर केलंय."

"आणि मुलीची?"

"ती कुठे कैदी आहे?" तो म्हणाला.

त्याला खरंच कळत नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने तासाभरात फोटो काढला, पण तोवर तो इमारतीतल्या प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसला होता.

कोणी भांडलं नाही. वटारसारखंच. लिफ्टमध्ये बोलणं थांबायचं. क्लासमधल्या मुली पोरीशी अचानक फार गोड बोलायला लागल्या, आणि तेच तिला जास्त लागलं. मी म्हटलं, आपण हा फ्लॅटही विकू. ती म्हणाली, "किती वेळा पळायचं, आत्या?" फोटो तिने स्वतःच्या फोनमध्ये ठेवून घेतला होता. रोज रात्री मोठा करून त्या पुसट जागेकडे बघत बसायची. मी त्या भिंतीबाहेर बसले होते, मला मिठी दिसली नव्हती. माझ्याकडेही तेवढाच एक फोटो होता, आणि त्यात माझ्या भावाला तोंड नव्हतं.

नाताळ आला. मी दरवर्षीसारखा निळा डबा काढला. पोरीने तो माझ्या हातातून घेतला आणि परत माळ्यावर ठेवला. कारागृहाच्या दुकानाची कागदी पिशवी टीपॉयवर ठेवली, वरचा शिक्का दिसेल अशी, आणि नानकटाई थेट ताटात लावली. मी अडवलं नाही. समोरच्या दारात ताट तिनेच नेऊन दिलं. काकू "थँक्यू बाळा" म्हणाल्या आणि घरात बोलावलं नाही.

संध्याकाळी वॉचमन ताट घेऊन आला. काकू स्वतः आल्या नाहीत. मी रुमाल बाजूला केला. केक संपला होता, करंज्या संपल्या होत्या. नानकटाई जशीच्या तशी होती, एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता. इतकी वर्षं बोटं चाटून खाल्लेली तीच नानकटाई. रिकामं ताट परत द्यायचं नाही, ही रीत मात्र काकूंनी पाळली.

मला ताट उचलून त्यांच्या दारावर आपटावंसं वाटलं. पोर म्हणाली, "ठेव तिथे." तिने एक नानकटाई उचलली, खाल्ली, मग दुसरी. आम्ही दोघींनी बसून सगळी संपवली, भूक नसताना.

सोळा पूर्ण झाल्यावर पहिल्या मुलाखतीला आम्ही गेलो. तीच काच, तोच खरखरणारा फोन. भाऊ आज उतावीळ होता. आत पेपर-बिपर येत असेल, किंवा कोणी सांगितलं असेल. त्याने खुणेने मला बाजूला व्हायला सांगून पोरीलाच रिसीव्हर घ्यायला लावला. मी तिच्या कानाशी कान लावून उभी राहिले.

"आपला फोटू आलेला म्हनतात. तू बघितलास काय? मी कसा दिसतो?"

पोर अडखळली नाही. "मस्त आलाय, पप्पा. तुम्ही डोळे मिटलेत. आणि हसताय."

"हसतो काय?" त्याने टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग त्याचा चेहरा उतरला. "बिल्डिंगमध्ये कुनी बघितला नाय ना? तुला कुनी काय बोललं?"

त्या फोटोनंतर जिला मस्कतचं नाव काढलेलं खपत नव्हतं, ती माझी पोर काचेला तळहात टेकवून म्हणाली, "नाही ओ. तिकडे तुम्ही अजून मस्कतलाच आहात. काकू परवाच विचारत होत्या, पुढच्या नाताळला नानकटाई येणार ना म्हणून. सगळी संपली, एक पण उरली नाही."

तो हसायला लागला. मागच्या शिपायाकडे वळून त्याने काहीतरी सांगितलं, बहुतेक नानकटाईचंच, आणि पुन्हा आमच्याकडे वळून तोंड उघडलं. तेवढ्यात वेळ संपली. फोन बंद पडला होता तरी तो काचेपलीकडे बोलतच होता, आणि पोर मान डोलावत होती, सगळं ऐकू येत असल्यासारखी.